ग्रहणाला दारं लावणारं शहर गच्चीवर कसं आलं?

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार होता. मी तेव्हा चौथीत होते.

त्या दुपारी तीननंतर आमच्या पेठेतल्या वाड्याच्या चौकात एक माणूस नव्हता. रस्ता तर संचारबंदी लागल्यासारखा. पाण्याच्या हंड्यात, पिठाच्या डब्यात, दह्याच्या सटात तुळशीची पानं टाकून झाली होती. धाकटी काकू सहा महिन्यांची गरोदर होती. तिला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं आणि सुई, विळी, कात्री कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं होतं. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे बाकीचे दार लावून बसले होते, कारण लोक घरातच थांबावेत म्हणून दूरदर्शनने भर दुपारी सिनेमा लावला होता. खग्रास ग्रहण दिसणार होतं ते कर्नाटकात, अंकोल्यापासून पुढे. पुण्यात खंडग्रासच, पण सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला होता.

मी काही सिनेमाला गेले नाही. माजघरात पडून होते. आमचं छप्पर कौलारू, त्यामुळे दुपारी जमिनीवर कवडसे पडायचे, गोल गोल, चार आण्याच्या नाण्याएवढे. त्या दिवशी ते गोल राहिले नाहीत. सगळेच्या सगळे चंद्रकोरी झाले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंधरा-वीस कोरी. मी ओरडले, "आजी, हे बघ!" आजीने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे करायला लावलं. ते कवडसे तसे का झाले, हे मला त्या वाड्यात कुणीही सांगू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतही नाही.

आता दुसरी तारीख. २४ ऑक्टोबर १९९५, मंगळवार, दिवाळीची सकाळ. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालं होतं. वाडा जाऊन तिथे इमारत आली होती आणि तिच्या गच्चीवर सकाळी सात-सव्वासातलाच पंचवीस-तीस माणसं जमलेली. ग्रहणाचे चष्मे कमी पडले म्हणून एकाने वेल्डिंगची १४ नंबरची काच आणली होती, ती हातोहात फिरत होती. फराळाचं ताट कठड्यावर. आणि चष्मा लावून "अगं, खरंच खाल्ल्यासारखा दिसतोय" असं म्हणणारी बाई कोण, तर तीच माझी धाकटी काकू. शेजारी तिची पंधरा वर्षांची लेक. तीच, जी १९८० ला पोटात होती.

मंडळी, या दोन तारखांमध्ये जेमतेम साडेपंधरा वर्षं आहेत. शहर तेच, माणसंही बरीचशी तीच. मग मधे झालं काय?

सरळ उत्तर असं देतात की टीव्ही बदलला. १९८० ला ज्या दूरदर्शनने सिनेमा लावला त्याच दूरदर्शनने १९९५ ला ग्रहण थेट दाखवलं, शास्त्रज्ञांना बसवून समजावून सांगितलं. खरं आहे, पण अर्धं. टीव्हीवर ग्रहण बघायला दार लावूनही बसता येतं. गच्चीवर यायला शेजारी असा कुणीतरी लागतो, जो म्हणतो, "या, मी आधी बघतो, मग तुम्ही बघा." तो माणूस या शहरात जागोजागी तयार झाला होता, आणि तो तयार झाला आकाशदर्शनाच्या वर्गांमधून. आजची पोस्ट त्या वर्गांबद्दल आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

जरा मागे जावं लागेल.

मराठीत आकाश समजावून सांगायची खटपट जुनी आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनांची कोष्टके' काढली. पंचांगातलं गणित आणि डोळ्यांना दिसणारं आकाश जुळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८९६ चा. पण त्याच्या आधी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, सामान्य वाचकासाठी, रात्री दोन घटका मजेत आकाश बघावं म्हणून. पुस्तक होतं, वाचक होते. नव्हता तो अंधारात बोट धरून "तो बघ" म्हणणारा माणूस.

दुर्बीणही आपल्याकडे होती, आणि लहानसहान नव्हे. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो त्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली म्हणून तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. तिथे ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. कल्पना करा, संगमाजवळ देशातली सर्वांत मोठी दुर्बीण!

मग आलं २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा थेट महाराष्ट्रावरून गेला. नायगामवाला सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच्या जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींचा एक गट विदर्भात तळणीला होता. आणि नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' बऱ्याच जणांनी पाहिले असतील. तिथे हमखास सांगितलं जातं की लॉकियरने हेलियमचा शोध या ओट्यांवरून लावला. तसं नाही. हेलियमची ती पिवळी रेषा १८६८ सालची गोष्ट. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियरने नंतर ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच सूर्याचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला तो आला त्यानंतर ३० वर्षांनी. ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे, साल चुकलंय.

मला या ग्रहणात खटकतं ते वेगळंच. जगभरातून माणसं आपल्या गावांत येऊन दोन मिनिटांचा काळोख मोजून गेली. पण ग्रहण कसं बघायचं हे गावाला शिकवणारी कुठलीच कायमची सोय मागे उरली नाही. पुण्याच्या दुर्बिणीचंही तेच. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि २० इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या जिवावर उभी असलेली गोष्ट त्या माणसाबरोबर संपली. शहराने हळहळ तरी व्यक्त केली असेल का, शंकाच आहे. कारण बहुतेकांनी त्या दुर्बिणीला कधी डोळाच लावला नव्हता.

म्हणून २२ ऑगस्ट १९४४ ही तारीख मला मोठी वाटते. त्या दिवशी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. टिळक स्मारक मंदिरातली तिची जागा बऱ्याच पुणेकरांना ठाऊक असेल, निदान नाटकाला जाता-येता पाटी वाचली असेल. थोड्याच अंतरावर, त्याच टिळक रस्त्यावर, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण झालं, देशातल्या अगदी पहिल्या तारांगणांपैकी एक. कृत्रिम आकाश आणि खरं आकाश, दोन्ही एकाच रस्त्यावर.

अशा मंडळांना राजा लागत नाही आणि सरकारी खातंही लागत नाही. लागतं काय? एक खोली, एक फळा, एक गच्ची, आणि ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी येऊन फुकट शिकवणारी चार माणसं. त्यात बँकेतले असतात, शाळामास्तर असतात, टेल्कोतले असतात, कॉलेजची पोरं असतात. एक दमला की दुसरा उभा राहतो. नायगामवालांच्या वेधशाळेत नव्हतं ते हेच.

'ज्योतिर्विद्या' या शब्दाने मात्र कायम घोटाळा केलाय. माझ्या पाहण्यात असा एकही वर्ग नाही की ज्यात पहिल्या दिवशी कुणीतरी हळूच विचारलं नाही, "पत्रिका शिकवता का हो?" किंवा "माझी वृश्चिक, मला शनी बघितलेला चालेल का?" शिकवणारे हसत नाहीत. निदान चांगले शिकवणारे हसत नाहीत. ते म्हणतात, "आधी बघा, मग बोलू." आणि शनीची कडी दिसली की माणूस आपला प्रश्न विसरतो.

मी असा वर्ग केला तो १९८६ ला, दहावीची परीक्षा संपल्यावर. निमित्त हॅलेचा धूमकेतू. ७६ वर्षांनी येणारा पाहुणा म्हणून वर्तमानपत्रांनी इतका गाजावाजा केला होता की प्रत्येकाला वाटत होतं आकाशात मोठ्ठा झाडू दिसणार. ९ फेब्रुवारी १९८६ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही अंधाऱ्या जागा शोधून जो पाहिला, तो खरं सांगायचं तर कापसाच्या बोळ्यासारखा होता. लोकांची निराशा झाली. पण महाराष्ट्रात तोपर्यंत एक वेगळंच काम होऊन गेलं होतं. धूमकेतू दाखवायचा म्हणून गावोगाव मंडळं जमली, दुर्बिणी जमवल्या गेल्या. मुंबईचं खगोल मंडळ १९८५ चं, हॅलेच्याच निमित्ताने उभं राहिलेलं. त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम नंतर इतके लोकप्रिय झाले की शेवटच्या कर्जत लोकलला दुर्बीणवाले आणि सतरंजीवाले हे दृश्य मुंबईकरांच्या सवयीचं झालं. धूमकेतू गेला, तो परत येणार २०६१ ला. मंडळं राहिली.

माझा वर्ग एका शाळेच्या गच्चीवर भरायचा. पहिल्या दिवशी सरांनी दुर्बीण आणलीच नाही. म्हणाले, "हात लांब करा, मूठ वळा. ही झाली साधारण १० अंश. आता वीत ताणा, ही २० अंश. झाली तुमची वेधशाळा." मग सप्तर्षी दाखवले. क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पुढे नेली की ध्रुव. तो क्षितिजापासून किती वर? वितेपेक्षा थोडा कमी. "म्हणजे साडेअठरा अंश, म्हणजेच पुण्याचा अक्षांश. दिल्लीला जाल तर तो वर चढलेला दिसेल, कन्याकुमारीला क्षितिजाला टेकायला आलेला." भूगोलाच्या पुस्तकात पाच वर्षं पाठ केलेली ती आडवी रेघ मला त्या गच्चीवर, स्वतःच्या हाताच्या वितेत सापडली.

वर्गात एक आजोबा यायचे, मूळचे शेतकरी. ते म्हणाले, "मृग तर जूनमध्ये लागतो. तुम्ही म्हणता हिवाळ्यात बघा. कुणाचं खरं?" सर म्हणाले, "दोघांचंही. सात-आठ जूनला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो, म्हणून आपण म्हणतो मृग लागला. पण सूर्य जिथे आहे तिथले तारे दिसणार कसे? ते दिवसा डोक्यावर असतात. ते बघायला सूर्य आकाशाच्या पलीकडच्या बाजूला गेला पाहिजे, म्हणजे डिसेंबर-जानेवारी." आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साठ वर्षं पेरणी केली त्या नावावर. आज बघितला."

आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कवडशांचं विचारलं. सहा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न. सरांनी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं, खाली कागद धरला आणि समोर ट्यूबलाइट. कागदावर ठिपका पडायला हवा होता, पडली ट्यूबची छोटी उलटी रेघ. "भोक बारीक असलं की उजेड भोकाचा आकार घेत नाही, उजेड जिथून येतो त्याचा आकार घेतो. तुमच्या वाड्यातला प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र होतं, रोजच. त्या दिवशी सूर्यच कोरीसारखा होता." आणि मग ते म्हणाले, "तुम्ही ग्रहण बघितलंत की. सगळ्यांत सुरक्षित पद्धतीने बघितलंत. आजीला सांगा."

आजी तोवर गेली होती. पण काकू होती. तिला सांगितलं.

शिकवण्याची ही पद्धत नीट बघा. ग्रहणाला घाबरू नका असं भाषण कुणीच दिलं नाही. अंधश्रद्धा हा शब्दही त्या गच्चीवर मी ऐकला नाही. जे दिसतं ते कसं दिसतं एवढंच दाखवलं. भीती वाद घालून जात नाही, हे त्या लोकांना बरोबर माहीत होतं.

काही वर्गांत पुढे आरसा घासायला शिकवायचे. सहा इंची दोन जाड काचा, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. एक काच पिंपावर घट्ट बसवायची, दुसरी तिच्यावर पुढेमागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच आपोआप खोलगट होत जाते. मग बारीक पूड, आणखी बारीक, शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकीसुद्धा चूक चालत नाही, आणि हे काम हाताने होतं, घराच्या व्हरांड्यात. ज्याने महिना-दीड महिना पिंपाभोवती फेऱ्या मारून स्वतःचा आरसा केला आणि त्यातून चंद्रावरचे खड्डे पाहिले, त्याला नंतर कुणी व्हॉट्सअॅपवरून काहीही गळी उतरवू शकत नाही.

पुढचं भराभर सांगते. १९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झाली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. जगभर नाव असलेला माणूस, पण सही मागणाऱ्या मुलांना सांगायचा की सही नको, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन. आयुकात शाळेच्या मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं सुरू झाली. पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथे मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली, तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य, म्हणजे सप्तर्षींमधला एक तारा आणि शिवाय त्यात पुलं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी आली आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे आजूबाजूच्या गावांतली शाळकरी पोरं रांगा लावायला लागली. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू भर शहरातून, संध्याकाळी, नुसत्या डोळ्यांनी दिसला. हॅलेने जी निराशा केली ती त्याने भरून काढली. १९९९ च्या ११ ऑगस्टला आणि २००९ च्या २२ जुलैला खग्रास ग्रहणाच्या पट्ट्यात गेलेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला पावसाळी ढग आले. तेही शिक्षणच. आकाश कुणाच्या तिकिटाला बांधील नसतं.

आता कौतुक पुरे. कारण हा इतिहास नुसता विजयाचा नाही.

पहिली गोष्ट, भीती संपलेली नाही. २५ ऑक्टोबर २०२२ आठवा. पुन्हा दिवाळी, पुन्हा लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी तीन घरांतलं शिजवलेलं अन्न कचऱ्याच्या बादलीत गेलं आणि एका गरोदर मुलीला, चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला, दार लावून बसवलं होतं. १९८० मधल्या माझ्या काकूसारखंच. फरक एवढाच की या वेळी नियमांची यादी मोबाईलवर आली होती. दर ऑगस्टला 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज येतो, २००३ पासून येतोय, पुढेही येईल. नारळीकरांनी २००८ च्या सुमारास अंनिसच्या मदतीने पत्रिकांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा २०० पत्रिका, त्यांतल्या प्रत्येकी ४० पत्रिका ज्योतिष्यांना दिल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढी आली असती. निष्कर्ष छापून आला, आणि पत्रिका बघणं चालूच राहिलं. म्हणजे नुसत्या पुराव्याने काम होत नाही, हे पुन्हा दिसलं. माणूस गच्चीवर यावा लागतो.

दुसरी गोष्ट आमच्याच घरातली, म्हणजे खगोलप्रेमींच्या. हे वर्ग बरीच वर्षं पेठांमध्ये आणि कोथरूडमध्येच फिरत राहिले. शिकवणारे आणि शिकणारे साधारण एकाच प्रकारच्या घरांतले. मुली तर मोजून दोन-चार. मला १९८६ ला रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं होतं तेव्हा घरात दोन दिवस चर्चा चालली होती. "रात्रभर? माळावर? आणि सोबत कोण?" शेवटी बाबा सोबत आले, कपाळाला आठ्या घालून. पहाटे चारला दुर्बिणीपासून हटायला तयार नव्हते ते बाबाच. पण ज्या मुलींचे बाबा आले नाहीत त्यांचं काय? आज मुलींची संख्या वाढली आहे, मला त्याचा फार आनंद आहे. हडपसरच्या, येरवड्याच्या, जनवाडीच्या महापालिका शाळांमधली मुलं मात्र अजूनही या गच्च्यांवर पुरेशी दिसत नाहीत. ग्रहणाचे नियम त्यांच्या घरीही पोचतात. दुर्बीण पोचत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. गच्ची आहे, माणसं आहेत, आता आकाशच उरलं नाही.

चांगल्या अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. माझ्या आजच्या गच्चीवरून मी मोजले, चाळीसच्या आत. ज्या शाळेच्या गच्चीवर मी मृग आणि रोहिणी शिकले, तिथून आज कृत्तिकांचा पुंजका ओळखू येत नाही. कारण धूर आहेच, पण त्याहून मोठं कारण दिवे. रस्त्यांवर पांढरेशुभ्र एलईडी आले. वीज वाचली, चांगलं झालं. पण त्या पांढऱ्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. त्यात दिव्याला वरून टोपी नसली, तो तिरका बसवलेला असला, की उजेडाचा एक हिस्सा रस्त्यावर न पडता सरळ वर जातो. म्हणजे आपण पैसे भरून ढग उजळतोय. आमच्या शेजारच्या एका संकुलाने कंपाउंडवर चार फ्लडलाइट लावलेत. ते रात्रभर समोरच्या झाडावरच्या बगळ्यांना आणि आमच्या बेडरूमला प्रकाश देतात. मी दोनदा पत्र दिलं. उत्तर आलं, "सुरक्षेसाठी आहे." दिवा खाली वळवला तर सुरक्षा कमी कशी होते, हे विचारलं. त्याला उत्तर नाही.

यामुळे वर्ग शहराबाहेर गेले. आधी शहराच्या कडेला, मग भोर-वेल्ह्याकडे, आता त्याच्याही पलीकडे. जेवढं लांब, तेवढा गाडीखर्च, आणि तेवढीच गरीब घरातली मुलं आणि मुली गळणार. फुकट असलेलं आकाश आपण गाडीवाल्यांसाठी राखीव करून टाकलंय.

हे बदलता येत नाही असं नाही. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून ते जमिनीकडे वळवले. गावं काही अंधारात बुडाली नाहीत. शहराचं पेंच होणार नाही, कबूल. पण माझ्या मागण्या साध्या आहेत आणि आपले नगरसेवक, मुख्याध्यापक, सोसायटीचे सेक्रेटरी यांपैकी जे ही पोस्ट वाचत असतील त्यांच्यासाठी आहेत.

एक, नवीन दिवे बसवताना वर टोपी आणि तोंड खाली. दोन, महापालिका शाळांच्या गच्च्या आणि मैदानं महिन्यातून एक संध्याकाळ, अमावास्येच्या आसपास, आकाशदर्शनाला मिळावीत, आणि त्या दोन तासांसाठी शेजारचे चार दिवे बंद राहावेत. तीन, मंडळांनी स्वतः तिथे जावं. लोक आपल्याकडे येण्याची वाट बघू नये.

आणि अंधाराची वाट तरी कशाला बघायची? मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात एकेक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याला दुर्बीण लागत नाही, गाडी लागत नाही, रात्रीची परवानगीही लागत नाही. प्रत्येक शाळेच्या मैदानावर हा वर्ग भरू शकतो, खर्च शून्य. जुलैमध्ये ढग असतात, मेमध्ये सुट्टी, हे ठाऊक आहे. सुट्टीतली पोरं गल्लीत असतातच की.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास, सहा मिनिटांहून जास्त. आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास, पावसाने उघडीप दिली तर. तोपर्यंत आपल्या गल्लीत एक तरी माणूस असा तयार होऊ दे, जो चष्मा पुढे करून म्हणेल, "या, मी आधी बघतो, मग तुम्ही बघा." ढग असतील तर निदान घरात कुणी दार लावून बसवलेली असेल तिच्यासाठी दार उघडेल. माझ्या काकूने १९९५ नंतर हे काम बरीच वर्षं केलं. आता ती ऐंशीच्या जवळ आहे. तिची ती लेक आज शाळेत शिक्षिका आहे. ग्रहणाच्या आदल्या दिवशी वर्गात पुठ्ठा आणि टाचणी घेऊन जाते.

१९८० ला तुमच्या घरी काय चाललं होतं? आठवत असेल तर खाली जरूर लिहा. आईवडिलांना, आजीआजोबांनाही विचारा. आणि तुमच्या भागात आकाशदर्शनाला गच्ची किंवा मैदान मिळू शकत असेल तर तेही कळवा. दुर्बीण आणि माणसं आणायची जबाबदारी आम्हा लोकांची.